पोटापर्यंत आजार, मांडीपासून सौंदर्य

120 किलोंची बाई वजन उतरवण्याचं, म्हणजे बॅरियाट्रिक, ऑपरेशन करून घेते आणि दीड-दोन वर्षांत 70 वर येते. साखर ताळ्यावर येते, रात्रीचं घोरणं थांबतं, जिना चढताना लागणारी धाप जाते. ऑपरेशनचे पैसे मेडिक्लेमने दिलेले असतात, कारण अतिलठ्ठपणा हा आजार आहे हे विमा कंपनीला आता मान्य करावं लागतं. पण 50 किलो चरबी गेली तरी तिच्यावर ताणलेलं कातडं जागेवरच राहतं. ते दंडांवर, पोटावर, मांड्यांच्या आतल्या बाजूला लोंबतं. त्यातही मांड्यांचे हाल वाईट. चालताना कातड्यावर कातडं घासतं, घाम वाळत नाही, जांघेत सोलवटतं, त्यावर बुरशी धरते. हे जादा कातडं काढून मांडी आवळून घ्यायची शस्त्रक्रिया आहे. तिला थाय लिफ्ट म्हणतात. तिचे कागद त्याच विमा कंपनीकडे गेले की दोन ओळींचं उत्तर येतं: कॉस्मेटिक, देय नाही.

हे उत्तर चूक आहे. पैशाच्या हिशेबानेही चूक आहे आणि वैद्यकाच्याही. शिवाय पॉलिसीत छापलेल्या मजकुराशीही ते नेहमी जुळत नाही. बहुतेक रुग्ण मात्र ते वाचून गप्प बसतात, कारण विषय मांडीचा असतो. जांघेतल्या जखमेबद्दल घरात बोलता येत नाही, तर टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेम हाताळणाऱ्या संस्थेच्या, खिडकीत उभं राहून कोण भांडणार?

आधी पॉलिसी उघडू. सप्टेंबर 2019 मध्ये विमा नियामक आयआरडीएआयने आरोग्य विम्यातून काय वगळता येईल याची भाषा सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी केली. त्याआधी ज्याची त्याची शब्दयोजना होती आणि बॅरियाट्रिकचे क्लेमसुद्धा सर्रास उडवले जात. आता ही वगळणूक क्रमांकांसह छापलेली असते. क्रमांक 06 लठ्ठपणाचा. त्यात लिहिलंय की डॉक्टरांचा सल्ला हवा, शास्त्रीय निकषांचा आधार हवा, रुग्णाचं वय 18 किंवा जास्त हवं आणि बॉडी मास इंडेक्स, म्हणजे बीएमआय, 40 किंवा त्याहून अधिक हवा. तो 35 असेल, तर सोबत गंभीर आजार हवा आणि सौम्य उपाय करून थकलेलं असायला हवं. लठ्ठपणामुळे झालेला हृदयाच्या स्नायूचा विकार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, तीव्र स्लीप अ‍ॅप्निया, आटोक्यात न येणारा टाइप 2 मधुमेह अशी त्या आजारांची यादी दिली आहे. या अटी पुऱ्या झाल्या की कंपनीला 'लठ्ठपणा' या सबबीखाली क्लेम नाकारता येत नाही.

या आकड्यांवर माझा आक्षेप आहे, तो इथेच नोंदवतो. भारतीय शरीर कमी वजनातच मधुमेहाकडे झुकतं. म्हणून 2009 साली भारतीय तज्ज्ञांनी एकत्र येऊन अशा शस्त्रक्रियेसाठी 37.5 आणि सोबत आजार असल्यास 32.5 हे आकडे सुचवले होते. दहा वर्षांनी नियम लिहिताना ते विचारात घ्यायला हवे होते. तरीही 06 हे चांगलं कलम आहे. त्याने आजाराला आजार म्हटलं आणि निकष लिहून दिले.

त्याच्यापुढे, मध्ये एक कलम सोडून, क्रमांक 08 येतो. कॉस्मेटिक किंवा प्लास्टिक सर्जरी, किंवा रूप बदलण्यासाठी केलेले कोणतेही उपचार देय नाहीत. कलम इथे संपत नाही, पण वाचणारे बहुतेक जण इथेच थांबतात, आणि नाकारणारेही. पुढचा मजकूर असा आहे: अपघात, भाजणं किंवा कर्करोग यांच्यानंतरची पुनर्रचना याला अपवाद आहे. विमाधारकाच्या आरोग्याला असलेला थेट आणि तातडीचा धोका दूर करण्यासाठी वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक उपचाराचा भाग म्हणून केलेली शस्त्रक्रियाही अपवाद आहे. ही आवश्यकता उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी प्रमाणित केली पाहिजे.

आता ही दोन कलमं शेजारी ठेवून वाचा. स्तनाच्या कर्करोगानंतर स्तनाची पुनर्रचना केली तर विमा कंपनी तातडीचा धोका कुठे आहे असं विचारत नाही. विचारूही नये. आजाराने आणि त्याच्या उपचाराने शरीराचं जे झालं ते सावरणं हा उपचारच आहे, हे तिथे कलमानेच मान्य केलंय. भाजलेल्या हाताची आक्रसलेली कातडी सोडवताना जीव धोक्यात नसतो, तरी पैसे मिळतात, आणि ते बरोबर आहे. मग 06 नुसार जो आजार ठरला आणि ज्याचं ऑपरेशन विम्यानेच करवलं, त्याच्या मागे उरलेल्या कातडीला ही वाट बंद का? पोटाच्या आतपर्यंत आजार आणि मांडीवर आला की सौंदर्य, ही सीमारेषा कुठल्या वैद्यकाच्या पुस्तकातून आलेली नाही. ती पॉलिसीच्या कागदावर आखलेली आहे.

कंपनीचे वैद्यकीय अधिकारी म्हणतील, घासण्याने कुणी मरत नाही. मरत नाही, पण मधुमेह असलेल्या माणसाच्या जांघेतली भेग महिनोन्‌महिने उघडी राहिली की तिच्यातून जंतू आत शिरतात. मांडी लाल होते, तापते, सुजते, थंडी वाजून ताप भरतो. याला सेल्युलायटिस म्हणतात. त्यासाठी रुग्ण दाखल होतो, सलाईनमधून अँटिबायोटिक चालतं, आणि हे बिल विमा कंपनी भरते. काही महिन्यांनी पुन्हा दाखल व्हावं लागलं तर पुन्हा भरते. ज्या घडीत हा संसर्ग वाढतो ती घडी काढायचे पैसे मात्र ती देत नाही. विम्याच्या तिजोरीची काळजी वाहणाऱ्यांनी तरी हा हिशेब मांडून पाहावा.

आपल्या हवेचाही इथे संबंध आहे. मुंबईच्या, कोकणातल्या, गोव्याच्या दमटपणात घडीतला घाम सुकायला वाव नसतो. लोकलला लोंबकळत कामाला जाणारा माणूस दिवसातून तीनदा कपडे बदलून पावडर लावू शकत नाही. बायका साडी-परकराखाली हे सोसतात. पुरुष रिक्षा चालवताना, बाइकवर बसताना, दुकानात दिवसभर उभं राहताना सोसतात. वजन उतरल्यावर डॉक्टर रोज चाला म्हणतात, आणि चाललं की मांड्या सोलतात. म्हणून चालणं सुटतं. चालणं सुटलं की वजन परत चढू लागतं, आणि मग पहिल्या ऑपरेशनवर झालेला खर्चही पाण्यात जातो.

आता शस्त्रक्रियेबद्दल, कारण तिला मेकअपच्या पंगतीत बसवणाऱ्यांना ती ठाऊक नसते. मांडीतली चरबी थोडी आणि कातडी घट्ट असेल तर नुसत्या लायपोसक्शनने भागतं. खूप वजन उतरलेल्या माणसाचं भागत नाही. त्याला जांघेपासून गुडघ्याकडे आतल्या बाजूने लांब छेद घ्यावा लागतो, कातडीचा पट्टा काढावा लागतो आणि उरलेली कातडी वर बांधावी लागते. सुरुवातीच्या काळात ही कातडी नुसती कातडीलाच शिवली जाई. मग वजनाने टाका खाली ओढला जायचा, व्रण सरकायचा, स्त्रियांच्या योनिमुखाचे ओठ ताणले जायचे. 1988 मध्ये टेड लॉकवूड या अमेरिकन शल्यविशारदाने मांडीची कातडी जांघेतल्या खोलवरच्या चिवट पडद्याला अडकवायची पद्धत मांडली, तेव्हा या शस्त्रक्रियेला भक्कम आधार मिळाला. त्यानंतरही हे ऑपरेशन सोपं झालेलं नाही. टाका येतो तो शरीरातल्या सगळ्यात ओल्या, सतत हलणाऱ्या, शौचाच्या जागेजवळच्या भागात. जखमेची कड उसवणं, आत पाणी साचणं, संसर्ग, पायाला दीर्घकाळ सूज हे सगळं घडू शकतं. पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होऊ नये म्हणून पहिल्या दिवसापासून चालवावं लागतं. बॅरियाट्रिक झालेल्यांमध्ये प्रथिनं, लोह, बी-12 कमी असण्याची शक्यता मोठी. तसं असेल तर जखम भरायला वेळ लागतो. म्हणून बॅरियाट्रिकनंतर साधारण वर्ष-दीड वर्ष थांबून, वजन निदान सहा महिने एका ठिकाणी टिकल्यावर, तपासण्या करून आणि सिगारेट-तंबाखू पूर्ण बंद करूनच ही शस्त्रक्रिया करतात.

हे सगळं अंगावर घेऊन, आतल्या मांडीवर लांबलचक व्रण स्वीकारून माणूस हे ऑपरेशन करायला तयार होतो. तो नटण्यासाठी आला असं म्हणणाऱ्याने त्याच्या मांड्या एकदा पाहाव्यात.

खर्चाकडे वळू. मोठ्या शहरांतल्या खासगी रुग्णालयांत बोलला जाणारा आकडा बहुधा दीड लाखाच्या पुढचा असतो आणि तीन-साडेतीन लाखांपर्यंत सहज जातो. माझा राग मात्र त्या आकड्यापेक्षा तो सांगण्याच्या पद्धतीवर आहे. फोनवर 'पॅकेज' सांगतात. त्या पॅकेजात काय आहे हे विचारल्याशिवाय कळत नाही. सर्जनची फी आहे, भूलतज्ज्ञाची आहे का? ऑपरेशन थिएटरचा आकार तासावर आहे की ठोक? ऑपरेशन लांबलं तर? एक रात्र राहायची की दोन? ड्रेन, ड्रेसिंग, रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शनं, ऑपरेशनआधीच्या तपासण्या, नंतर काही आठवडे घालायचे आवळ कपडे, तेही निदान दोन, कारण एक धुवावा लागतो. दोन्ही मांड्यांचा भाव आहे की एका बाजूचा, हा प्रश्न विचारायला कुणालाही संकोच वाटू नये. आणि सगळ्यात महत्त्वाचं: टाका उसवला, पुन्हा थिएटरमध्ये न्यावं लागलं, तर ते बिल कुणाचं? हे ऑपरेशन विम्याबाहेर आहे असं एकदा ठरलं, की त्यातून उद्भवलेल्या गुंतागुंतीचा क्लेमही 'मूळ उपचारच वगळलेला' म्हणून अडवला जाण्याची भीती असते. म्हणजे रुग्ण दोनदा उघडा पडतो. म्हणून सर्जनकडून दुरुस्तीच्या ऑपरेशनबद्दल आधी लेखी घ्या. लेखी द्यायला जो तयार नाही, त्याच्याकडून उठून या.

महाराष्ट्रात 2021 मध्ये शुश्रूषागृह नोंदणीचे नियम बदलले, तेव्हापासून रुग्णालयांना दरपत्रक दर्शनी भागात लावणं आणि रुग्ण हक्कांची सनद पाळणं बंधनकारक आहे. खोलीचं भाडं, डॉक्टरांच्या भेटीचे पैसे, भूल आणि थिएटरचा आकार त्या पत्रकात शोधा आणि तुम्हाला सांगितलेल्या पॅकेजशी ताडून पाहा. पत्रक लावलेलंच नसेल तर ते कुठे आहे हे विचारा. तो हक्क तुमचा आहे.

करातही हीच भिंत उभी आहे. वैद्यकीय सेवांना जीएसटीतून सूट आहे. 28 जून 2017 च्या अधिसूचनेने कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरी त्या सुटीतून काढली. जन्मजात दोष, वाढीतला दोष, इजा किंवा आघात यांमुळे बिघडलेली शरीररचना किंवा कार्य पूर्ववत करायचं असेल तरच सूट राहते. या यादीत आजार हा शब्दच नाही. एखाद्याची कातडी दहा वर्षांच्या आजाराने आणि त्याच्या उपचाराने लोंबली, तर कर अधिकारी त्याला यादीत कुठे बसवणार? सप्टेंबर 2025 मध्ये वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी शून्यावर आणला, ते उत्तमच झालं. त्याच हाताने या यादीत 'आजार' हा शब्द घालता आला असता. तोवर अंदाजपत्रकातला आकडा करासह आहे की कराविना, हे आधीच विचारून घ्या. तीन लाखांच्या बिलावर कराचे काही टक्के ही रक्कमही लहान नसते.

गरिबाला तर हा मार्गच नाही. आयुष्मान भारतच्या नियमांत कॉस्मेटिक शस्त्रक्रिया वगळलेल्या आहेत. सायन, केईएम, ससून, गोव्यात बांबोळी इथे प्लास्टिक सर्जरीचे चांगले विभाग आहेत. पण भाजलेले, अपघातात चिरडलेले, जबड्याचा कर्करोग झालेले रुग्ण पुढे असताना मांडीच्या कातडीचा नंबर कधी लागणार? त्या विभागांना खाटा आणि माणसं वाढवून दिल्याशिवाय तो लागणार नाही. देशातला प्लास्टिक सर्जरीचा पहिला स्वतंत्र विभाग 1958 मध्ये नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला. अशा राज्यात ही शाखा श्रीमंतांची म्हणून ओळखली जावी, याची मला लाज वाटते.

आता, ज्यांच्याकडे मेडिक्लेम आहे त्यांनी काय करायचं? उत्तर रटाळ आहे, पण क्लेम त्यावरच टिकतो. कागद जमवा, आणि ऑपरेशनचा विचार पक्का होण्याच्या आधीपासून जमवा.

जांघेत सोलवटलं की घरच्या घरी मलम लावून गप्प बसू नका. त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. तारखेसह चिठ्ठी घ्या. औषध लावूनही परत झालं तर परत जा आणि परत चिठ्ठी घ्या. प्रत्येक वेळी डॉक्टरांना लिहायला सांगा की जखम कुठे आहे, किती मोठी आहे, आधीच्या उपचाराने बरी झाली की नाही. फोटो काढून ठेवा. संकोच वाटला तर डॉक्टरांच्या दवाखान्यातच काढा आणि त्यांच्या नोंदीत ठेवायला सांगा. सेल्युलायटिससाठी दाखल झाला असाल तर डिस्चार्ज समरी जपा. त्यात संसर्गाचं कारण म्हणून कातडीच्या घडीचा उल्लेख आहे का, ते डिस्चार्जच्या दिवशीच वाचा आणि नसेल तर तिथेच विचारा. वजनाची नोंद दर महिन्याला हवी, बॅरियाट्रिकचे सगळे कागद हवेत, चालण्यावर परिणाम झाला असेल तर फिजिओथेरपिस्टचा अहवाल हवा.

मग सर्जनचं प्रमाणपत्र. इथे डॉक्टरांशी थेट बोलतो. डॉक्टर, रुग्णाच्या कागदावर तुम्ही जे लिहिता त्यावर त्याचे लाखभर रुपये ठरतात. 'रुग्णाला मांड्या सुडौल करून हव्या आहेत' असं लिहिलंत की फाइल तिथेच बंद होते. रुग्ण ज्या कारणाने आला ते लिहा: वारंवार होणारा संसर्ग, इतके महिने औषधोपचार करूनही न बरा झालेला, सोबत मधुमेह, संसर्ग पसरण्याचा धोका, कातडी काढणं वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक. खरं असेल तरच लिहा. खोटं प्रमाणपत्र दिलं की ज्याचं खरं आहे त्याचाही क्लेम पुढे संशयाने पाहिला जातो. पण खरं असताना ते लिहायचा आळस करणं हाही रुग्णावर अन्यायच आहे. कलम 08 मध्ये तुमच्या सहीला जागा ठेवलेली आहे. ती रिकामी सोडू नका.

पुढची पायरी: दाखल होण्याआधी पूर्वपरवानगी मागा. नियोजित शस्त्रक्रियेला वेळ असतो, त्याचा उपयोग करा. टीपीएच्या माणसाने तोंडी 'होत नाही' सांगितलं तर ते उत्तर मानू नका. नकार लेखी मागा. मे 2024 च्या आयआरडीएआयच्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या विनंतीवर तासाभरात निर्णय द्यायचा असतो. क्लेम नाकारायचा तर कंपनीतल्या तीन सदस्यांच्या क्लेम पुनर्विलोकन समितीची किंवा तिच्या वरच्या समितीची मंजुरी लागते, आणि पॉलिसीतल्या कोणत्या अटीमुळे नाकारला हे सांगावं लागतं. नुसतं 'कॉस्मेटिक' हे उत्तर पुरेसं नाही. कलम 08 मधल्या अपवादाखाली माझ्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र का नाकारलं, हा तुमचा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर त्यांना द्यावंच लागेल.

नाकारलं तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवरही ती नोंदवता येते. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. मुंबई, पुणे आणि ठाणे इथे त्यांची कार्यालयं आहेत. तिथे फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतच्या दाव्यांची तक्रार चालते, आणि लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. मात्र कंपनीच्या अंतिम नकारानंतर एका वर्षाच्या आत जायला हवं. कंपनीमार्फत मिळालेल्या ग्रुप मेडिक्लेमच्या सदस्यांनाही हा दरवाजा उघडा आहे.

यश मिळेलच असं मी सांगत नाही. 'तातडीचा' या अटीवर कंपन्या अडून बसतात आणि नुसत्या पुरळावर निकाल तुमच्या बाजूने लागणं अवघड आहे. वारंवार सेल्युलायटिस, मधुमेह, अयशस्वी उपचारांची लांब नोंद असेल तर तुमची बाजू भक्कम असते. यातलं काहीच नसेल आणि आरशात मांड्या आवडत नाहीत एवढंच कारण असेल, तर तो खर्च आपल्या खिशातून करावा. त्यात गैर काही नाही. विम्याकडून तो मागू नये.

कारण दुसरी बाजूही आहे आणि ती खोटी नाही. विम्याचा पैसा सगळ्यांच्या हप्त्यांतून येतो. दार सताड उघडलं तर सौंदर्याची ऑपरेशनं पुरळाच्या चिठ्ठ्या लावून आत शिरतील आणि हप्ते सगळ्यांचे वाढतील. यावरचा उपाय कलम 06 मध्येच आहे: निकष लिहा. बॅरियाट्रिकचे लिहिता आले, तर याचेही येतील. वजन किती उतरलं, ते किती महिने स्थिर आहे, संसर्गाच्या किती महिन्यांच्या नोंदी आहेत, त्वचारोगतज्ज्ञाचे उपचार झाले का, दुसऱ्या सर्जनचं मत काय. अमेरिकेतल्या विमा कंपन्या पोटाची लोंबती कातडी काढण्यासाठी असे निकष छापतात. तिथेही मांडीला बहुतेक वेळा नकारच मिळतो, आणि त्या बाबतीत त्यांचं अनुकरण करायचं कारण नाही. हवं तर रकमेवर मर्यादा घाला, खर्चाचा काही वाटा रुग्णावर ठेवा. पण अटी आधी सांगा, म्हणजे रुग्णाला आपण पात्र आहोत की नाही हे क्लेम नाकारल्यावर कळणार नाही.

हे आताच करायला हवं, कारण संख्या वाढणार आहे. मार्च 2025 मध्ये माउंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही ही वजन उतरवणारी इंजेक्शनं भारतात आली. ऑपरेशनशिवाय खूप वजन उतरवलेली माणसं आता आपल्या आसपास दिसतील. त्यांची कातडीही उरणारच. त्यांच्याकडे बॅरियाट्रिकचा मंजूर क्लेमही नसेल, म्हणजे आजार होता हे विम्याच्या कागदावर कुठेच नसेल. अशांनी इंजेक्शन सुरू करतानाचं वजन, बीएमआय आणि सोबतचे आजार डॉक्टरांकडून लिहून घ्यावेत. पुढे त्याची गरज पडू शकते.

आणि ज्या कंपन्या शेकडो कर्मचाऱ्यांचा ग्रुप मेडिक्लेम काढतात, त्यांच्या एचआर विभागांना एक विनंती. ग्रुप पॉलिसीच्या अटी दरवर्षी नूतनीकरणाच्या वेळी वाटाघाटीने ठरतात. प्रसूतीची मर्यादा वाढवून घेता, आई-वडिलांचा समावेश करून घेता. त्याच टेबलावर ही एक ओळ मांडा: अतिलठ्ठपणाच्या उपचारानंतर उरलेल्या कातडीची, संसर्गाच्या नोंदींसह केलेली शस्त्रक्रिया देय असावी. नियामक निकष लिहील तेव्हा लिहील. तुमचं नूतनीकरण बहुधा येत्या एप्रिलमध्येच आहे.